सिनारिओ प्लॅनिंग (भविष्याची अनेक शक्य चित्रं मांडून केलेली आखणी): २०३५ ची विमानं आज मागवताना काय काय गृहीत धरायचं?

धावपट्टी_०९

फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोनं ५०० विमानांची ऑर्डर दिली. इंडिगोच्या त्या ऑर्डरमधली विमानं २०३० ते २०३५ या काळात यायची आहेत. म्हणजे आज सही करायची आणि पैसे कमवायचे ते आठ-दहा वर्षांनी.

मागच्या सहा वर्षांत काय घडलं ते पाहा. २५ मार्च २०२० ला देशांतर्गत विमानसेवा पूर्ण थांबली, ती दोन महिने. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमधला धातूच्या भुकटीचा दोष बाहेर आला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद झालं. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांवरून देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचं वेळापत्रक कोसळलं. यातलं काहीही 'तेल चढलं, तेल तसंच राहिलं, तेल उतरलं' या तीन रकान्यांच्या तक्त्यात बसत नाही.

माझं स्पष्ट मत असं की सिनारिओ म्हणून जे मांडलं जातं ते बहुतेक वेळा एकाच अंदाजाचे तीन आकडे असतात. उत्तम, मध्यम, वाईट. बैठकीत सगळ्यांची नजर मधल्या रकान्यावर जाते, त्यावर बजेट बनतं आणि उरलेले दोन रकाने परिशिष्टात जातात.

जाणकारांना तीन प्रश्न:
१. मुंबईत मुख्य तळ असलेल्या, देशांतर्गत आणि चार-सहा तासांची आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या कंपनीनं २०३५ पर्यंतचे सिनारिओ आखताना मुख्य अनिश्चितता कोणत्या धराव्यात?
२. ते सिनारिओ प्रत्यक्ष निर्णयांना कसे जोडायचे?
३. या सगळ्या खटाटोपाचा खरंच उपयोग होतो का?

खारा_वारा

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर लिहितो.

गणिती_मावशी

तेलापासून सुरुवात करू, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण मापात आहेत.

मुंबई-दिल्ली, ए३२० निओ, साधारण ५ टन इंधन. घनता ०.८ धरली तर ६,२५० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ५ लाख ६२ हजार. १८६ आसनांपैकी ८५ टक्के भरली तर १५८ प्रवासी. माणशी ३,५६० रुपये फक्त इंधनाचे.

आता 'तेल २५ टक्के महागलं' असा सिनारिओ लिहिला की बहुतेक जण ३,५६० ला १.२५ ने गुणून मोकळे होतात. पण तेल महागतं तेव्हा आपला आयातखर्च फुगतो आणि रुपयावर ताण येतो. रुपया ८ टक्के घसरला तर १.२५ × १.०८ = १.३५. त्यावर ११ टक्के अबकारी आणि राज्याचा व्हॅट, दोन्ही टक्केवारीत, म्हणजे करही तितकाच वाढला. (२०२३ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्रानं मुंबई, पुणे, रायगडसाठी व्हॅट २५ वरून १८ वर आणला, तेव्हापासून इथे थोडा दिलासा आहे.) त्याच ८ टक्क्यांनी विमानांचं भाडं आणि इंजिनदुरुस्तीही महागली, कारण ती बिलं डॉलरमध्ये येतात.

सिनारिओ आखताना दोन अनिश्चितता दोन अक्षांवर घेतात आणि त्यातून चार चौकोन, म्हणजे चार चित्रं होतात. तेल आणि रुपया हे दोन वेगळे अक्ष धरून 'तेल महाग, रुपया मजबूत' असा चौकोन काढला तर तो जवळपास रिकामा राहणार. तेल-रुपया ही एकच जोडी धरा. तिला अक्ष करू नका, प्रत्येक सिनारिओवर ताण म्हणून लावून बघा.

रोखठोक

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: उपयोग होत नाही. कोविड कुणाच्या सिनारिओत होता? भविष्य कळत नाही हे एकदा मान्य केलं की करण्यासारखी गोष्ट एकच, हाताशी रोख ठेवा आणि कर्ज कमी ठेवा. कार्यशाळा भरवून चार चौकोनांना नावं देण्यापेक्षा दोनशे दिवसांची रोकड जास्त कामाची.

खारा_वारा

@रोखठोक, रोकड हवीच, वाद नाही. पण दोनशे दिवस म्हणजे कशाचे, हे मोजायला सिनारिओच लागतो.

समजा ताळेबंदात ३,००० कोटी रोख दिसते. त्यातले १,२०० कोटी अजून न उडालेल्या तिकिटांचे, म्हणजे प्रवाशांचे. ७०० कोटींच्या ठेवी भाडेपट्टीवाल्यांकडे किंवा बँकेकडे तारण. उरले १,१००. विमानं जमिनीवर असतानाही भाडं, पगार, पार्किंग आणि उभ्या विमानांची देखभाल मिळून दिवसाला ११ कोटी लागत असतील तर हातात १०० दिवस आहेत. ३,००० ला ११ नं भागून २७२ म्हणणारा माणूस स्वतःची फसवणूक करतोय.

लॉकडाऊनमधल्या तिकिटांच्या परताव्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचा निकाल लागला. आगाऊ तिकिटांचे पैसे संकटात आपले राहत नाहीत, ही त्यातून घेण्यासारखी गोष्ट.

अजून एक. २५ मे २०२० ला उड्डाणं सुरू झाली ती ३३ टक्के क्षमतेनं. मग ४५, ६०, ७०, ८० असं करत पूर्ण क्षमता यायला १८ ऑक्टोबर २०२१ उजाडलं. तिकिटाच्या भाड्यावरची बंधनं ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत राहिली. डिसेंबर २०२५ मध्येही सरकारनं कमाल भाडं ठरवलं, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० आणि १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,०००. म्हणजे मोठ्या संकटात किती आसनं विकायची आणि कितीला, हे दोन्ही तुमच्या हातात नसतं. महसुलाचं नेहमीचं मॉडेल तिथे चालत नाही. 'संकटात भाडी वाढवून भरपाई करू' हे गृहीतक भारतात काढूनच टाकायला हवं.

दर्यावर्दी

थोडा इतिहास, कारण रोखठोक यांचा आक्षेप जुनाच आहे.

कंपन्यांमध्ये ही पद्धत रुजली ती शेलमुळे, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. पिअर वाक हे त्यातलं मुख्य नाव. १९७३ च्या ऑक्टोबर युद्धानंतर तेल काही महिन्यांत जवळपास चौपट झालं. शेलला तारीख माहीत नव्हती, पण असं झालं तर काय करायचं याची चर्चा वरिष्ठांमध्ये आधीच होऊन गेली होती.

वाक यांचा मला सगळ्यात उपयोगी वाटणारा मुद्दा मात्र अनिश्चिततेचा नाही, निश्चिततेचा आहे. ते गंगेचं उदाहरण देत: वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला की दोन दिवसांत ऋषिकेशला, मग अलाहाबादला, मग बनारसला पाणी चढणार. हे भाकीत नाही, पडून गेलेल्या पावसाचा हिशेब आहे. सिनारिओ लिहिण्याआधी असे 'पडून गेलेले पाऊस' वेगळे काढायचे. ते चारही चित्रांत सारखेच येतात.

विमान कंपन्यांतलं उदाहरण म्हणजे ब्रिटिश एअरवेजनं १९९० च्या दशकात केलेलं काम. त्यांनी दोनच चित्रं रंगवली, 'वाइल्ड गार्डन्स' आणि 'न्यू स्ट्रक्चर्स'. एकात बाजार मोकाट, दुसऱ्यात नव्या व्यवस्था आणि नियमांची चौकट. दोनच ठेवण्यात शहाणपण आहे, कारण मधला रकानाच नसतो.

ड्यूटी_रोस्टर

दर्यावर्दी यांच्या 'पडून गेलेल्या पावसा'चं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही म्हणून लिहिते.

वैमानिकांच्या कामाच्या तासांचे सुधारित नियम डीजीसीए या विमान वाहतूक नियामकानं जानेवारी २०२४ मध्ये काढले. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत, रात्रीची लँडिंग ६ वरून २. पहिला टप्पा १ जुलै २०२५, दुसरा १ नोव्हेंबर २०२५. नियमही माहीत होते आणि तारखाही. यात अनिश्चित असं एकच होतं, मुदत पुन्हा पुढे जाईल का. नियोजनात 'जाईल' असं धरलं असेल तर तो एक पणाला लावलेला डाव होता, आणि डाव म्हणूनच तो वहीत लिहिलेला असायला हवा होता.

वैमानिक बाजारातून आयत्या वेळी मिळत नाहीत. परवाना, टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान चालवायची पात्रता), लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष उड्डाणांवरचं प्रशिक्षण) मिळून नवा सहवैमानिक उभा राहायला दीड-दोन वर्षं जातात. कॅप्टनसाठी त्याहून कितीतरी जास्त. दुसऱ्या कंपनीतून घ्यायचा तर नोटीस सहवैमानिकाला ६ महिने, कॅप्टनला १२ महिने. म्हणून वैमानिकांचा निर्णय घ्यायची शेवटची तारीख ही नियम लागू होण्याच्या तारखेच्या किमान वर्षभर आधी पडते.

आणि मोजताना एकूण वैमानिक मोजू नका. प्रत्येक तळावर, प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी, कॅप्टन वेगळे आणि सहवैमानिक वेगळे मोजा. सरासरीत सगळं ठीक दिसतं आणि पहाटेच्या उड्डाणांना कॅप्टन कमी पडतात.

रोखठोक

@खारा_वारा, १०० विरुद्ध २७२ दिवसांचा हिशेब पटला. हा कागद प्रत्येक संचालक मंडळापुढे तिमाहीला यायला हवा. चार चौकोनांबद्दलचं मत मात्र अजून कायम आहे.

टॉर्क_रेंच

इंजिनांबद्दल. पीडब्ल्यू११००जी (प्रॅट अँड व्हिटनीचं ए३२० निओला लागणारं इंजिन) मध्ये २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत बनलेल्या काही चकत्यांच्या धातूत अशुद्धी होती. इंजिन उतरवून, उघडून, तपासून परत बसवायला २५० ते ३०० दिवस लागतील असा कंपनीचाच अंदाज होता. गो फर्स्ट या विमान कंपनीनं २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा याच इंजिनांकडे बोट दाखवलं होतं. इंडिगोचीही सत्तरच्या आसपास विमानं जमिनीवर होती.

आता गणित. नेहमीच्या शॉप व्हिजिटला (इंजिन उतरवून दुरुस्तीला पाठवण्याला) ९० दिवस धरून सुटी इंजिनं ठेवली असतील आणि तोच कालावधी २७० दिवसांवर गेला, तर तेवढ्याच बिघाडांना तिप्पट सुटी इंजिनं लागतात. तेवढी जगात कुणाकडेच नसतात. म्हणून नियोजनात 'किती इंजिनं बिघडतील' यापेक्षा 'उतरलेलं इंजिन परत यायला किती दिवस लागतील' हा आकडा जास्त जपायला हवा. पहिला आकडा प्रत्येक जण मोजतो. दुसरा करारात लिहिलेला असतो म्हणून तो पाळला जाईल असं समजतो.

उपाय म्हणून काय केलं गेलं? जुन्या ए३२० चे भाडेकरार वाढवले, परदेशी विमानं वैमानिकांसह भाड्यानं आणली. पण त्यातली तुर्की एअरलाइन्सची बोइंग ७७७ भू-राजकारणात सापडली, मे २०२५ मध्ये त्यांना फक्त ३ महिन्यांची मुदतवाढ मिळाली. एका सिनारिओवरचा उतारा दुसऱ्या सिनारिओत निकामी होतो का, हे तपासायचा रकाना तक्त्यात हवाच.

आकाशवाट

+१ टॉर्क_रेंच. त्याच महिन्यात तुर्की ग्राउंड हँडलिंग कंपनीची सुरक्षा मंजुरीही रद्द झाली आणि मुंबईसकट अनेक विमानतळांवर जमिनीवरची कामं रातोरात दुसऱ्यांकडे सोपवावी लागली. पुरवठादार कोणत्या देशाचा, हा घटक २०१९ मध्ये कुणाच्या तक्त्यात असेल असं वाटत नाही.

आकाशाबद्दल. पाकिस्तानचं आकाश फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद झालं ते जुलैपर्यंत. २४ एप्रिल २०२५ ला पुन्हा बंद झालं आणि मग दर महिन्याला नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढून मुदत वाढत गेली. मुंबईहून पश्चिमेला जाताना अरबी समुद्रावरून वाट असल्यानं फेरा कमी पडतो, खरा फटका दिल्ली, अमृतसरला. दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंद अरुंद बॉडीच्या विमानाच्या टप्प्याबाहेर गेली. एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही उड्डाणांना व्हिएन्नात इंधनासाठी थांबावं लागलं.

थांबा म्हणजे फक्त इंधनाचा खर्च नव्हे. तिथलं लँडिंग शुल्क, वाढलेला वेळ, त्यामुळे वैमानिकांची ड्यूटी मर्यादेबाहेर जाणं, मग जादा क्रू, त्यांचं हॉटेल आणि परतीच्या फेरीला उशीर. फेरा मोठा झाला की इंधन जास्त भरावं लागतं आणि तेवढा माल किंवा तेवढी माणसं खाली ठेवावी लागतात.

जून २०२५ मध्ये पाकिस्तान बंद असतानाच इराणचं आकाश बंद झालं, २३ तारखेला काही तास कतारचंही. 'एका वेळी एकच मार्ग बंद होईल' असं धरून केलेलं वेळापत्रक तिथे संपतं. सिनारिओत किमान दोन शेजारी आकाशं एकत्र बंद करून बघा.

पनवेलकर

मूळ प्रश्नात मुंबईचा तळ आहे, तर नवी मुंबईबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला उड्डाणं सुरू झाली. पहिल्या टप्प्यात एक धावपट्टी, ३,७०० मीटर, क्षमता वर्षाला २ कोटी प्रवासी. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असून काम एकीचंच. सांताक्रूझला, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावर, स्लॉट (उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या ठरलेल्या वेळा) वाढणार नाहीत हा 'पडून गेलेला पाऊस'. टर्मिनल १ पाडून नव्यानं बांधण्याचा प्रस्ताव आहे, त्याची तारीख ही खरी अनिश्चितता.

तळ दोन विमानतळांवर विभागला की खर्च कसा वाढतो ते बघा. एका ठिकाणी ४० विमानं असतील तर एक विमान राखीव ठेवून भागतं. २५ आणि १५ अशी विभागली तर दोन्हीकडे एकेक राखीव लागतं. तसंच राखीव क्रू, प्रत्येक पाळीला परवानाधारक अभियंता, चाकं-ब्रेकचा साठा, टो-बार, ग्राउंड पॉवर युनिट. सांताक्रूझला बिघडलेल्या विमानासाठी लागणारा भाग उलव्यात, नवी मुंबई विमानतळावर, पडलेला असेल तर मधल्या वाहतुकीवर तुमचं वेळापत्रक अवलंबून. कनेक्टिंग प्रवासी दोन विमानतळांच्या मध्ये सामानासह फिरवता येत नाहीत, म्हणून एकमेकांना प्रवासी पुरवणारी उड्डाणं एकाच बाजूला ठेवावी लागतात.

माझा आग्रह असा की नुसते दोन-चार मार्ग हलवू नयेत. नाशिक, कोल्हापूरसारखे जोडमार्ग आणि त्यांना जोडणारी लांबची उड्डाणं असा पूर्ण गट हलवावा, नाहीतर दोन्हीकडे अर्धवट.

चिपी_ते_मोपा

जोडमार्ग निघालेच आहेत तर उडानबद्दल, म्हणजे छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या सरकारी योजनेबद्दल. योजनेत व्यवहार्यता निधी (तोटा भरून काढणारी मदत) ३ वर्षं मिळतो. म्हणजे निधी संपायची तारीख पहिल्या उड्डाणाच्या दिवशीच माहीत असते. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि ३ वर्षांची मुदत सरल्यावर मुंबई-चिपी सेवा थांबली. कोकणातल्या माणसाला त्याचं दुःख आहे, पण यात अनपेक्षित काही नव्हतं.

मुंबईत सत्तर आसनांच्या एटीआरला जितका स्लॉट लागतो तितकाच दोनशे बत्तीस आसनांच्या ए३२१ ला. निधी बंद झाला की तो स्लॉट कुणाकडे जाणार हे उघड आहे. नवी मुंबईत स्लॉट मोकळे असतील ती पहिली काही वर्षंच सिंधुदुर्ग, नांदेड, जळगाव यांना पाय रोवायची संधी आहे. त्याच वेळी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, तेव्हा नाशिक-संभाजीनगरच्या मुंबई मार्गांची मागणी जुन्या आकड्यांवरून काढू नका.

सुहासिनी_के

वाचनखूण साठवली. पर्यावरणाचा खर्च कुठे बसवायचा? तो अनिश्चित धरायचा की निश्चित?

गणिती_मावशी

@सुहासिनी_के, निश्चितात. कॉर्सियाची (आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या कार्बन उत्सर्जनाची भरपाई करायला लावणारी जागतिक योजना) बंधनं भारताला २०२७ पासून लागू होतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी शाश्वत इंधनाचं मिश्रण २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के असं लक्ष्य जाहीर आहे. युरोपात २०२५ पासून २ टक्के सक्तीचं आहे, २०३० ला ६. अनिश्चित आहे ती किंमत. नेहमीच्या इंधनाच्या तिप्पट धरली तर ५ टक्के मिश्रणाला ०.९५ + ०.१५ = १.१०, म्हणजे इंधनाचं बिल १० टक्क्यांनी वर.

धावपट्टी_०९

सगळ्यांचे आभार. आतापर्यंतच्या चर्चेवरून मांडणी बदलतो.

निश्चित: सांताक्रूझचे स्लॉट, वैमानिकांचे नियम, कॉर्सिया, उडानच्या मुदती.
सगळीकडे ताण म्हणून लावायचं: तेल-रुपया जोडी आणि ९० दिवस शून्य महसूल.
दोन अक्ष: (अ) आकाश खुलं की तुकड्यातुकड्यांत बंद, (ब) विमानं-इंजिनं वेळेवर की रखडलेली.

चार चित्रं होतात. प्रत्येकाची दोन पानांची गोष्ट लिहायची, २०३५ पासून मागे येत. मग ठरवलेले निर्णय (नवी विमानं, तळाची विभागणी, लांबचे मार्ग) एकेक करून चारही चित्रांतून न्यायचे. कार्यशाळेत आठ ते बाराच माणसं, त्यात इंजिनिअरिंग आणि क्रू रोस्टरचा माणूस हवाच, नुसते वित्त आणि नेटवर्कवाले नकोत.

दर्यावर्दी

मांडणी चांगली, पण (ब) अक्षाला माझा विरोध. पुरवठ्याची अडचण २०२९-३० पर्यंत सुटू शकते, मग २०३५ च्या चित्रात तो अक्ष मरतो. त्याऐवजी 'सरकार भाडी आणि क्षमतेत किती हात घालतं' हा अक्ष घ्या. खारा_वारा यांनी दिलेली २०२० आणि २०२५ ची उदाहरणं बघता तो दहा वर्षं जिवंत राहील.

टॉर्क_रेंच

@दर्यावर्दी, असहमत. आजचं इंजिन सुधारेल, पण २०३५ च्या सुमारास नव्या पिढीची विमानं-इंजिनं यायला लागतील आणि नव्या इंजिनांना सुरुवातीची वर्षं कायम जड जातात. पुरवठ्याचा प्रश्न तेव्हा पुन्हा उभा राहील. दोन्ही अक्षांवर वेगवेगळे संच करून बघायला मात्र हरकत नाही.

रोखठोक

चार गोष्टी लिहून झाल्या, पुढे काय? माझा मूळ आक्षेप इथेच आहे. कागद कपाटात जातो.

खारा_वारा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. प्रत्येक चित्राला दोन-तीन खुणा, प्रत्येक खुणेला एक मर्यादा, एक निर्णय आणि एक जबाबदार माणूस. नमुना देतो, मर्यादा प्रत्येकानं आपापल्या घालाव्यात.

इंजिन परत यायचे दिवस सलग दोन महिने १५० च्या वर → संपत आलेले भाडेकरार वाढवायची बोलणी सुरू. भाडेपट्टीवाल्याला करारानुसार साधारण सहा ते बारा महिने आधी कळवावं लागतं, म्हणून खूण त्याच्याही आधीची हवी.

शेजारचं आकाश बंद असल्याचा नोटॅम तिसऱ्यांदा वाढला → त्या हंगामाचं वेळापत्रक लांबच्या वाटेनं नव्यानं करायचं, 'पुढच्या महिन्यात उघडेल' म्हणत थांबायचं नाही.

इंधनाचा १ तारखेचा नवा दर, रुपयांत, तीन महिन्यांची सरासरी २० टक्क्यांनी वर → आधीच ठरवून ठेवलेल्या यादीतले सगळ्यात कमकुवत मार्ग बंद. यादी शांत काळात करायची. संकटात केली की प्रत्येक विभाग आपला मार्ग वाचवत बसतो.

टर्मिनल १ ची तारीख जाहीर → नवी मुंबईत दुसऱ्या गटाची हलवाहलव आणि सुट्या भागांचं दुसरं कोठार.

रोखठोक

असं असेल तर मी विरोध मागे घेतो. खुणा कोण बघणार? नियोजन विभागानंच बघितल्या तर ते स्वतःच्याच योजनेला धोका आहे असं म्हणणार नाहीत.

ड्यूटी_रोस्टर

बरोबर. खुणा मोजणारा विभाग योजना करणाऱ्याहून वेगळा हवा. इंजिनचे दिवस इंजिनिअरिंगनं, वैमानिकांची तळवार संख्या क्रू विभागानं, नोटॅम डिस्पॅचनं. आकडे एकत्र करून थेट वरिष्ठांकडे जावेत, दर महिन्याला.

गणिती_मावशी

मूळ प्रश्नात विमानांची ऑर्डर आहे म्हणून एक भर. ऑर्डर म्हणजे हो किंवा नाही असा एकच निर्णय नसतो. विमान हातात यायच्या साधारण दोन वर्षं आधीपासून मोठे हप्ते सुरू होतात. त्याआधी डिलिव्हरी पुढे ढकलायचा हक्क, ए३२० चं ए३२१ करून घ्यायचा हक्क, पक्क्या ऑर्डरशिवाय पर्यायी विमानं, हे सगळं करारात मागता येतं आणि त्याला किंमत पडते. चार चित्रांतून नेल्यावरच कळतं की त्यातल्या कोणत्या हक्कासाठी पैसे मोजायचे. आकाश तुकड्यांत बंद असलेल्या चित्रात लांब पल्ल्याच्या ए३२१ एक्सएलआरचं मोल वाढतं, म्हणून प्रकार बदलायचा हक्क महत्त्वाचा. सरकारी बंधनांच्या चित्रात पुढे ढकलायचा. दोन्ही हक्कांची मुदत कोणत्या महिन्यात संपते ती तारीख खारा_वारा यांच्या तक्त्यात सगळ्यात वर लिहा.

धावपट्टी_०९

@गणिती_मावशी, ही भर घेतली. सुधारित तक्ता दोन्ही अक्षसंचांसह वेगळ्या धाग्यात टाकतो. पनवेलकर, चिपी_ते_मोपा, तुमच्याकडून नवी मुंबईच्या मार्गगटांची यादी हवी आहे, कोणते जोडमार्ग कोणत्या लांबच्या उड्डाणाला बांधायचे त्यासह.